मुंबई–युरोप केबल तुटली की नेमकं काय करतात? बिघाड शोधण्यापासून शेवटच्या जोडापर्यंत

अरबीतळ

सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन केबल तुटल्या, तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत "इंटरनेट मंदावलं" याच्या पुढे फारसं काही आलं नाही. या दोन्ही केबल मुंबईत उतरतात. केबल तुटल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत काय काय घडतं ते मराठीत एका जागी असावं, म्हणून हा धागा. समुद्रातलं प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांचं असतं. बाकीचे आठवडे कुठे जातात तेही इथे यावं.

आधी केबलची रचना. खोल समुद्रातली केबल जेमतेम १७ ते २१ मिलिमीटर जाड असते. मधोमध जेली भरलेली नळी आणि तिच्यात पाव मिलिमीटर जाडीचे काचेचे फायबर. नळीभोवती पोलादी तारांचा पीळ, त्यावर तांब्याचं आवरण आणि सगळ्यावर पॉलिएथिलीनचा जाड थर. किनाऱ्याकडे येताना यावर जस्त चढवलेल्या पोलादी तारांचं चिलखत चढतं, आधी एक थर, मग दोन. दोन थरांची केबल ४०-५० मिलिमीटरपर्यंत जाते.

संदेश काचेतून जातो. तांबं आहे ते रिपीटरला, म्हणजे वाटेत क्षीण होणारा प्रकाश पुन्हा वाढवणाऱ्या यंत्राला, वीज पुरवायला. साधारण ६० ते १०० किमीवर एक रिपीटर असतो. त्यात अर्बियम मिसळलेल्या फायबरचा तुकडा आणि त्याला ऊर्जा देणारे ९८० नॅनोमीटरचे लेझर असतात. किनाऱ्यावरून जाणारा प्रवाह एकदिश आणि स्थिर असतो, बहुतेक १ अँपिअरच्या आसपास. तो तेवढाच राहावा म्हणून दाब मात्र हजारो व्होल्टपर्यंत चढवावा लागतो. मुंबईकडून धन आणि पलीकडून ऋण, असं दोन्ही टोकांनी मिळून ओझं वाहतात.

बिघाडाचा पहिला पत्ता याच दाबावरून लागतो. केबल ओढली गेली, पॉलिएथिलीन फाटलं आणि तांब्याला खारं पाणी लागलं की ती जागा विजेच्या दृष्टीने "जमीन" होते. मग मुंबईच्या यंत्राला फक्त तिथपर्यंतचाच दाब द्यावा लागतो. समजा तांब्याचा रोध किलोमीटरला १ ओहम आहे, प्रवाह १ अँपिअर आहे, दर ८० किमीवर रिपीटर आहे आणि प्रत्येक रिपीटर ३० व्होल्ट खातो. म्हणजे एका टप्प्याला ८० अधिक ३०, एकूण ११० व्होल्ट. यंत्र २,२०० व्होल्टवर स्थिरावलं तर २० टप्पे, म्हणजे किनाऱ्यापासून १,६०० किमी. (आकडे हिशोब समजण्यापुरते. प्रत्येक केबलचे खरे आकडे तिच्या बांधणीच्या नोंदवहीत असतात.)

यात एक बारकावा आहे. फक्त आवरण फाटलं आणि फायबर शाबूत असतील तर वाहतूक चालूच राहते. दोन्ही टोकं आपापला दाब जुळवून घेतात आणि ग्राहकाला काही कळतही नाही. पण ती जखम तशीच सोडता येत नाही. मुंबईकडून धन दाब असेल आणि उघड्या तांब्यातून प्रवाह समुद्रात जात असेल, तर तांबं हळूहळू विरघळतं. म्हणून अशा टोकाला शक्य असेल तिथे ऋण ध्रुव देतात.

---

डेसिबल

चांगला धागा. दाबाच्या हिशोबात तापमान धरलं नाही तर आकडा पार चुकतो, एवढी भर घालतो.

तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी बदलतो. अरबी समुद्रात ३,००० मीटरवर पाणी २ अंशांच्या जवळपास असतं. तांबडा समुद्र वेगळा आहे, त्याच्या तळाशीसुद्धा २१-२२ अंश असतात. वीस अंशांचा फरक म्हणजे रोधात जवळपास ८ टक्के. मुंबईहून निघालेली केबल आधी थंड तळावरून जाते आणि बाब-अल-मांदेबनंतर, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाच्या सामुद्रधुनीनंतर, कोमट पाण्यात शिरते. सगळीकडे एकच रोध धरला तर जहाज भलत्याच जागी जाऊन उभं राहील. म्हणून केबलचे तुकडे पाडून प्रत्येकाचं तापमान वेगळं धरतात. शिवाय दोन किनाऱ्यांच्या जमिनीच्या विभवातही फरक असतो, चुंबकीय वादळात तो वाढतो. तेव्हा एकाच वाचनावर कोणी विसंबत नाही.

दुसरी पद्धत प्रकाशाची. शहरातल्या फायबरला वापरतो तो साधा ओटीडीआर (प्रकाशाचे स्पंद सोडून पडसाद मोजणारं यंत्र) इथे पहिल्या रिपीटरपलीकडे आंधळा होतो, कारण रिपीटरमधले आयसोलेटर उलट दिशेने येणारा प्रकाश अडवतात. म्हणून प्रत्येक रिपीटरमध्ये जाणाऱ्या फायबरकडून येणाऱ्या फायबरकडे एक बारीक वळणवाट मुद्दाम ठेवलेली असते. परतलेला प्रकाश त्या वाटेने दुसऱ्या फायबरवर चढतो आणि किनाऱ्यावर पोचतो. हे मोजणाऱ्या यंत्राला सीओटीडीआर म्हणतात. परतलेला प्रकाश इतका क्षीण असतो की हजारो-लाखो स्पंदांची सरासरी घ्यावी लागते. म्हणून एकेका वाचनाला वेळ लागतो.

वेळेचा हिशोब सरळ आहे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २,०४,००० किमी जातो, म्हणजे जाऊन-येऊन १ मायक्रोसेकंद म्हणजे साधारण १०० मीटर. १,६०० किमीवरच्या तुटीचा पडसाद १६ मिलिसेकंदांच्या आत-बाहेर येतो. काचेचा अपवर्तनांक ०.१ टक्का चुकीचा धरला तर १.६ किमीची चूक होते.

आणि हे अंतर निघतं ते फायबरच्या लांबीवर. नकाशावरचं अंतर वेगळं. फायबर नळीपेक्षा किंचित लांब असतो. केबलही तळाच्या चढउतारावर नीट बसावी म्हणून २-३ टक्के सैल टाकलेली असते. त्यामुळे फायबरची लांबी, मग केबलची लांबी, मग मार्गाच्या नोंदवहीतले अक्षांश-रेखांश असा तीन पायऱ्यांचा प्रवास करूनच जहाजाला जागा कळवतात. टाकताना ती नोंदवही हलगर्जीपणे लिहिली असेल तर वीस वर्षांनी त्याचा भुर्दंड बसतो.

---

मालाडची_मुक्ता

अरबीतळ, एकाच तांब्याच्या वाहकातून वीज जाते म्हणता, मग ती परत कशी येते? आणि एसी का वापरत नाहीत?

---

अरबीतळ

मुक्ताताई, परतीची वाट म्हणजे समुद्र आणि पृथ्वी. प्रत्येक लँडिंग स्टेशनजवळ, म्हणजे केबल किनाऱ्यावर येते त्या ठिकाणाजवळ, किनाऱ्यात किंवा पाण्यात इलेक्ट्रोड पुरलेले असतात. मुंबईहून तांब्यातून गेलेला १ अँपिअर पलीकडच्या टोकाला इलेक्ट्रोडमधून जमिनीत उतरतो आणि पाण्यातून वाट काढतो. एवढ्या प्रचंड आडव्या छेदात रोध नगण्य होतो. ऋण दाब देणाऱ्या टोकाचे इलेक्ट्रोड झिजतात, त्यामुळे ते वाढीव वस्तुमानाचे आणि न गंजणाऱ्या साहित्याचे घेतात आणि ठरावीक काळाने तपासतात.

एसी न वापरण्याचं कारण लांबी. तांबं आत, समुद्र बाहेर आणि मध्ये पॉलिएथिलीन, म्हणजे हजारो किलोमीटर लांबीचा कपॅसिटरच झाला. प्रत्यावर्ती प्रवाह तो भरण्यात आणि रिकामा करण्यातच संपेल. एकदिश प्रवाहाला तो एकदाच भरावा लागतो.

याच कपॅसिटरमुळे दुरुस्तीआधीचा सुरक्षेचा टप्पा फार महत्त्वाचा. दोन्ही किनाऱ्यांनी वीज बंद केली तरी केबलमध्ये साठलेला भार माणूस मारायला पुरेसा असतो. तो उतरवून वाहक जमिनीला जोडल्याचं स्टेशनकडून जहाजाला लेखी कळवतात. त्या कागदाशिवाय डेकवर कोणी करवत हातात घेत नाही. ज्या केबलला मधे फाटे आहेत तिथे प्रत्येक फाट्याच्या टोकाकडून वेगळी लेखी खात्री लागते.

---

नांगरदोर

आता जहाजाकडे येऊ. खोल पाणी आणि उथळ पाणी ही दोन वेगळी कामं आहेत.

उथळ पाण्यात, ढोबळमानाने २,००० मीटरच्या आत, दूरनियंत्रित पाणबुडं यंत्र, म्हणजे आरओव्ही, खाली उतरवतात. किनाऱ्याच्या स्टेशनवरून तांब्यात कमी वारंवारतेचा सूर सोडतात, बहुतेक २५ हर्ट्झच्या आसपास. यंत्रावरचे संवेदक तो पकडत केबलच्या वर वर जातात आणि सूर मावळला की तूट सापडली. हा सूर किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरपर्यंतच पोचतो. पुरलेली केबल पाण्याच्या फवाऱ्याने मोकळी करून, कापून, टोकाला पकड लावून वर घेतात. पाणी गढूळ असेल किंवा ओढ जोराची असेल तर यंत्र टिकत नाही आणि उथळ पाण्यातही जुन्या पद्धतीचे गळ काढावे लागतात.

खोल पाण्यात गळच. लोखंडी आकड्यांचे हे गळ दोन जातींचे असतात, कापणारे आणि धरणारे. खोलीहून बराच लांब दोर सोडून जहाज केबलच्या मार्गाला काटकोनात, माणसाच्या चालीपेक्षाही हळू, ओढत नेतात. सगळ्यांचं लक्ष दोरावरच्या ताणमापकाकडे असतं. तळ खरवडताना काटा उड्या मारतो. केबल लागली की तो सावकाश आणि सतत चढत जातो. दगडात अडकल्यावर चढतो तो झटक्याने, आणि तसाच उतरतो.

न कापता केबल वर का घेत नाहीत? कारण तळावर २-३ टक्केच सैल असते. ३,००० मीटर खोलीवरून तिचा मधला भाग उचलायचा तर दोन्ही बाजूंनी मिळून सहा किलोमीटरहून जास्त लांबी हवी, ती कुठून येणार? ओढत राहिलात तर केबल तुटेल, वर दोन्ही बाजूंचे रिपीटर दुखावतील ते वेगळंच. म्हणून आधी कापणारा गळ फिरवतात. मग कापापासून साधारण खोलीएवढं अंतर सोडून धरणारा गळ फिरवतात आणि एक टोक वर घेतात.

टोक डेकवर आल्यावर त्या बाजूच्या किनाऱ्यापर्यंत फायबर आणि तांबं दोन्ही तपासतात. चांगलं निघालं तर टोक बंद करून बोयाला, म्हणजे तरंगत्या खुणेला, बांधून सोडतात. मग दुसरं टोक. त्यातून खराब भाग निघेपर्यंत केबल आत घेत जातात. ३,००० मीटरवर दाब ३०० वातावरणांचा असतो, त्यामुळे तुटलेल्या टोकातून पाणी आत रेटलं जातं. जेली ते अडवते, तरी काही शे मीटर भिजलेले असू शकतात. कोरडी, निर्दोष केबल हाती लागेपर्यंत कापत जायचं. इथे चार-दोनशे मीटर वाचवायला जाणाऱ्याला पुन्हा यावं लागतं.

मग पहिला जोड, मग सुटी केबल सोडत बोयापर्यंत जायचं, बोया उचलायचा, दुसरा म्हणजे शेवटचा जोड करायचा. सुटी केबल खोलीच्या दुपटीहून जास्तच जाते. शेवटच्या जोडानंतर जहाजाच्या दोन्ही बाजूंनी लोंबणारा तो वेढा मूळ मार्गाच्या एका अंगाला हलकेच उतरवतात. एकावर एक पडून गुंता झाला किंवा केबलला घडी पडली तर सगळं मुसळ केरात. आणि नव्या वेढ्याचे अक्षांश-रेखांश नोंदवहीत चढवल्याशिवाय काम संपलं असं म्हणत नाहीत.

---

डेसिबल

जोडाबद्दल थोडं सविस्तर, कारण जहाजावरच्या कामात सगळ्यात जास्त वेळ आणि हात इथेच लागतात.

एका जोडाला १२ ते २४ तास धरून चाला. आधी चिलखत आणि पॉलिएथिलीन सोलून पोलादी तारा मोकळ्या करतात आणि जोडपेटीच्या दोन्ही तोंडांत पाचरीने घट्ट आवळतात. ओढ या तारांनी घ्यायची असते. फायबरवर ताणाचा अंशही येता कामा नये. मग एकेक फायबर सोलायचा, पुसायचा, काटकोनात छेदायचा आणि विद्युत ठिणगीने वितळवून जोडायचा. आठ फायबर जोड्यांच्या केबलला १६ वेळा, सोळा जोड्यांच्या केबलला ३२ वेळा. प्रत्येक जोडाची हानी ०.०५ डेसिबलच्या आसपास किंवा कमी यावी लागते. जास्त आली तर तोडून पुन्हा. रंगांची अदलाबदल झाली तर दोन्ही किनाऱ्यांवर गोंधळ होतो, म्हणून एक माणूस जोडतो आणि दुसरा मोठ्याने वाचून पडताळतो.

यानंतर पेटीवर वितळलेलं पॉलिएथिलीन साच्यात ओतून आवरण सलग करतात आणि त्याचा एक्स-रे काढतात. आत हवेचा बुडबुडा किंवा धातूचा कण राहिला तर काही हजार व्होल्टखाली तिथेच भेग पडते. आणि ते लगेच घडत नाही, सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी घडतं. म्हणून एक्स-रेत शंका आली की जहाज कितीही घाईत असो, साचा पुन्हा.

हिशोबाची एक गोष्ट राहते. ७ किमी केबल नव्याने घातली तर किलोमीटरला ०.१६ डेसिबलने १.१ डेसिबल हानी वाढली, वर दोन जोडांची. मूळ आखणीत दुरुस्त्यांसाठी राखीव सवलत ठेवलेली असते, ती दर खेपेला थोडी खर्च होते. एकाच टप्प्यात वारंवार तूट झाली तर शेवटी तिथे जादा रिपीटर घालावा लागतो.

---

गाळवाट

इतका उपद्व्याप टाळायचा तर केबल खोल का पुरत नाहीत, हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून मुंबईपुरतं लिहितो.

मुंबईसमोरचा सागरी उंबरा, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, फार रुंद आहे, जवळपास ३०० किमी. म्हणजे वर्सोव्याहून निघालेली केबल खोल पाण्यात जाण्याआधी तेवढं अंतर २०० मीटरहून कमी खोलीतून कापते. ट्रॉलर आणि जहाजांचे नांगर, दोन्ही पोचतात असा हा टापू आहे. जगभरात वर्षाला १५० ते २०० केबल बिघाड होतात आणि त्यातले ७० ते ८० टक्के मासेमारी आणि नांगरांमुळे. शार्कच्या गोष्टी समाजमाध्यमांवर फिरतात, पण त्यांचा वाटा हिशोबात धरण्याइतकाही नाही.

म्हणून या पट्ट्यात जहाजामागे चर पाडणारा नांगर (जहाज थांबवायचा नव्हे) ओढून केबल पुरतात. शेतातला नांगर माती उलटतो, हा मात्र एक अरुंद चर पाडतो, केबल त्याच्या पात्यामागून खाली उतरते आणि चर आपसूक मिटतो. खोली एक ते दीड मीटर, वेग ताशी किलोमीटरच्या आसपास. मोकळ्या समुद्रात नुसती टाकायची असेल तर एका दिवसात शंभर-दीडशे किलोमीटर होतात. पुरताना त्याच्या पाव भागही झाला तर चांगलं.

मुंबईची आणखी एक अडचण म्हणजे बॉम्बे हायच्या तेल आणि वायूवाहिन्या. केबल वाहिनीला जिथे ओलांडते तिथे नांगर चालत नाही. काही शे मीटर आधी तो उचलायचा, वाहिनीवरून केबल प्लॅस्टिकच्या अर्धनळ्यांचं कवच चढवून नुसती टाकायची आणि पुढे गेल्यावर पुन्हा नांगर उतरवायचा. मोकळा राहिलेला तुकडा नंतर आरओव्हीच्या फवाऱ्याने जमेल तितका पुरतात. प्रत्येक ओलांडणीसाठी वाहिनीच्या मालकाशी वेगळा करार लागतो, आणि ओलांडणीचा कोन शक्य तितका काटकोनाजवळ ठेवतात. हे उघडे तुकडे म्हणजे साखळीतली सगळ्यात कच्ची कडी.

ट्रॉलरच्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या जड फळ्या तळ खरवडत जातात. दीड मीटर पुरलेल्या केबलला त्यांचा त्रास सहसा होत नाही. मोठ्या व्यापारी जहाजाचा नांगर मात्र मऊ चिखलात कित्येक मीटर रुततो. त्याला पुरणं हा उपाय नाही. तिथे एआयएसवर, म्हणजे जहाजं आपली जागा रेडिओने कळवतात त्या यंत्रणेवर, जहाजांची चाल बघत राहायचं आणि केबलजवळ कोणी रेंगाळलं तर वेळीच रेडिओवर हाक मारायची, हाच उपाय.

---

नांगरदोर

गाळवाट यांना दुजोरा. नांगराच्या साखळीची एक शॅकल २७.५ मीटरची आणि मोठ्या जहाजावर अशा १०-१३ असतात. म्हणजे ३०० मीटर खोलीपर्यंत लोंबता नांगर तळाला लागू शकतो. बाब-अल-मांदेबच्या उत्तरेला हानिशजवळ तांबड्या समुद्राचा उंबरा जेमतेम १३७ मीटरवर आहे. युरोपकडे जाणारं जवळजवळ सगळं त्या चिंचोळ्या दारातून जातं.

१८ फेब्रुवारी २०२४ ला हुथींच्या क्षेपणास्त्राने निकामी झालेलं रुबीमार हे जहाज नांगर टाकून सोडून दिलं होतं. ते वाहत गेलं, नांगर तळावर फरफटला आणि एएई-१, ईआयजी आणि सीकॉम या केबलच्या वाटेत आला. एएई-१ जुलैमध्ये जोडली गेली. जोडायचं काम पाच महिन्यांचं नव्हतं. येमेनमध्ये परवानगी द्यायला दोन सत्ता, वरून क्षेपणास्त्रं, आणि अशा पाण्यात जाणाऱ्या जहाजाचा विमा.

---

सुधीर_रूटिंग

जाळ्याच्या बाजूने लिहितो. केबल तुटूनही आपलं नेट बंद का पडत नाही आणि मंद का होतं?

मोठ्या कंपन्या एकाच दिशेला दोन-तीन केबलवर क्षमता घेऊन ठेवतात. एक गेली की बीजीपी, म्हणजे जाळ्यांनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत, काही सेकंदांत ते मिनिटांत उरलेल्या वाटा निवडतो. त्या वाटा आधीच भरत आलेल्या असतील तर पॅकेट गळतात, आणि संध्याकाळी सातनंतर व्हिडिओ कॉल अडखळतात ते यामुळे.

दुसरं कारण अंतर. काचेत किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. १०,००० किमीच्या केबलला जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद. पश्चिमेची वाट बंद झाली आणि चेन्नई, सिंगापूर, पॅसिफिक, अमेरिका, अटलांटिक असा वळसा पडला तर ३०,००० किमी धरा, म्हणजे ३०० मिलिसेकंद. मजकूर वाचणाऱ्याला फरक कळत नाही. पुण्यात बसून फ्रँकफर्टच्या डेटाबेसवर काम करणाऱ्याचा एकेक व्यवहार वीस-तीस फेऱ्यांचा असतो, त्याचं काम अक्षरशः तिप्पट वेळ घेतं. ज्यांची सेवा युरोपवर अवलंबून आहे त्यांनी पुरवठादाराला एकच प्रश्न लेखी विचारावा: तुमच्या दोन वाटा कोणत्या केबलवरून आणि कोणत्या लँडिंग स्टेशनांतून जातात? नुसतं "आमच्याकडे पर्यायी मार्ग आहे" हे उत्तर पुरेसं नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या दोन वाटा प्रत्यक्षात एकाच केबलच्या दोन फायबर जोड्या निघू शकतात.

---

मालाडची_मुक्ता

उपग्रह आहेत ना आता? त्यावर का टाकत नाहीत?

---

सुधीर_रूटिंग

क्षमतेमुळे. २०१७ ची मारेआ केबल आठ फायबर जोड्यांची, आखणीच १६० टेराबिटची. मोठा भूस्थिर उपग्रह काही शे गिगाबिट ते फार तर एखादा टेराबिट देतो, आणि ३६,००० किमी वर असल्याने जाऊन-येऊन ४८० मिलिसेकंद घेतो. खालच्या कक्षेतले उपग्रह जलद आहेत, पण एवढं ओझं त्यांच्याही आवाक्याबाहेरचं. शिवाय त्यांचा डेटा जमिनीवर उतरला की पुढे त्याच केबलमधून जातो. आणीबाणीत त्यांचा उपयोग नक्की आहे. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीत टोंगाची एकुलती एक आंतरराष्ट्रीय केबल तुटली, तेव्हा पाच आठवडे देशाने उपग्रहावरच काढले.

---

अरबीतळ

टोंगाचं उदाहरण जहाजांच्या प्रश्नासाठीही उपयोगी आहे. दुरुस्तीचं जहाज पोर्ट मोर्सबीहून आलं, वाटेत सुटी केबल भरून घ्यावी लागली आणि तळाशी ८० किमीहून जास्त लांबीची बदलावी लागली.

आपल्याकडे स्वतःचं दुरुस्तीचं जहाज नाही. केबल कंपन्या प्रादेशिक देखभाल करारांत वर्गणी भरतात. तूट झाली की त्या करारातलं जहाज सिंगापूर किंवा अमिरातीच्या बाजूने येतं. आधीच्या कामावर असेल तर रांगेत थांबा. निघताना डेपोतून नेमक्या त्या केबलची सुटी लांबी, रिपीटर आणि जोडसंच भरायला दिवस जातात. दहा-बारा नॉटच्या चालीने आठवडाभराचा प्रवास होऊ शकतो. भारतीय पाण्यात शिरताना गृह, संरक्षण, सीमाशुल्क आणि नौवहन महासंचालनालय यांच्या परवानग्या लागतात. जहाजात भरलेल्या सुट्या केबलवरच्या शुल्काचाही प्रश्न येतो. एक खिडकी असावी आणि भारतीय ध्वजाची जहाजं असावीत अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये केली आहे. ती लवकर अमलात यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

पावसाळ्याचं वेगळंच. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात लाटा अशा की टोक डेकवर धरून वीस तास एका जागी उभं राहणं अशक्य होतं. जोड सुरू असताना वारा वाढला तर केबल कापून, टोक बोयाला बांधून निघून जावं लागतं आणि सगळं पहिल्यापासून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने त्या काळात जाळ्यांचा धोका कमी असतो. पण तूट झालीच तर दुरुस्ती लांबते.

आणि वर्सोवा. मुंबईत उतरणाऱ्या बहुतेक केबल तिथल्या जेमतेम ६ किमीच्या पट्ट्यात येतात. किनारा सोयीचा, स्टेशनं आधीपासून तिथे, म्हणून नवी केबलही तिथेच. एक फरफटलेला नांगर तीन-चार केबलना एकदम ओढू शकतो. ओमान, सौदी आणि जॉर्डनमार्गे जमिनीवरून जाणाऱ्या नव्या वाटा आखल्या जात आहेत, त्याने तांबड्या समुद्राचा प्रश्न हलका होईल. मुंबईच्या दाराचा होणार नाही. उतरण्याची जागा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे किंवा गोव्यात विभागली तर जमिनीवरचं फायबर जास्त टाकावं लागेल, खर्च वाढेल, पण एका फटक्यात सगळं जाणार नाही.

---

गाळवाट

विभागणीला पाठिंबा, एका अटीवर. कोकणात डोल जाळ्यांचे खुंट तळात ठोकलेले असतात आणि त्यांच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. मार्ग ठरवताना सोनारचं सर्वेक्षण होतंच, पण कोळी सोसायट्यांबरोबर बसून खुंटांच्या जागा नकाशावर आधी घ्यायला हव्यात. नांगराच्या पात्याखाली खुंट आले तर जाळ्याचं नुकसान, आणि पुढल्या हंगामात नवा खुंट ठोकताना केबलचं.

---

दर्याकिनारी

वाचनखूण साठवली. एक व्यवहाराचा प्रश्न: ट्रॉलरचं जाळं केबलमध्ये अडकलंच तर तांडेलने काय करायचं? किनाऱ्यावर याबद्दल कोणी धड सांगत नाही.

---

नांगरदोर

पहिलं म्हणजे विंच थांबवायची. अडकलेलं जाळं जोर लावून ओढलं तर दोन धोके. तळाला जखडलेल्या केबलच्या ताणाने होडी एका अंगाला कलून उलटू शकते. आणि केबल वर आलीच तर तिच्यात हजारो व्होल्ट असू शकतात. कोयता, कुऱ्हाड, करवत यांपैकी काहीही तिला लावायचं नाही, हातही नाही.

दोर ढिला सोडून, अडकलं त्याच्या उलट दिशेने हळू जाऊन सुटतं का बघायचं. नाही सुटलं तर जाळं कापून सोडायचं. सोडण्याआधी जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, वेळ, खोली आणि सोडलेल्या सामानाची यादी लिहून घ्यायची, खलाशांच्या सह्या घ्यायच्या, मोबाइलवर फोटो काढायचा. लगेच रेडिओवर तटरक्षक दलाला कळवायचं.

केबल वाचवण्यासाठी नांगर किंवा जाळं सोडून द्यावं लागलं आणि आधी योग्य ती काळजी घेतली होती, तर केबलच्या मालकाने भरपाई द्यावी असं संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे. हेच तत्त्व १८८४ च्या पॅरिस करारातही होतं, आणि तिथे बंदरात पोचल्यापासून २४ तासांत निवेदन द्यायची अट होती. ती मुदत आजही पाळलेली बरी, कारण उशिराने केलेला दावा सिद्ध करणं अवघड जातं. त्याच करारात दुरुस्ती करणाऱ्या जहाजापासून एक सागरी मैल आणि त्याच्या बोयांपासून पाव सागरी मैल दूर राहायचं ठरलं आहे. दिवसा त्या जहाजावर चेंडू, पतंगाकृती, चेंडू अशी तीन काळी चिन्हं उभ्या ओळीत दिसतात, रात्री लाल-पांढरा-लाल दिवे. ते दिसलं की जाळं लगेच आत घ्यायचं.

---

दर्याकिनारी

आभार. हे कोळी सोसायटीच्या फलकावर लावण्यासारखं आहे. अरबीतळ, सोसायटीला मुंबईसमोरच्या केबलमार्गांचे अक्षांश-रेखांश कुठून मिळतील?

---

अरबीतळ

डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे सागरी नकाशे घ्या. त्यांवर केबल जांभळ्या नागमोडी रेघेने दाखवलेली असते. नकाशाची आवृत्ती नवी आहे ना ते बघा आणि नाविकांसाठीच्या सूचनांमधल्या दुरुस्त्या त्यावर चढवा, कारण दुरुस्तीनंतरचे वेढे मूळ रेघेच्या एका बाजूला असतात. जीपीएस प्लॉटरमध्ये रेघ भरताना दोन्ही बाजूंना पाव सागरी मैलाचा पट्टा धरा, आणि त्या पट्ट्यात जाळं तळाला टेकवू नका.